सूत्रानुसार बंद

माझ्या वडिलांना घरी बसवणारं सूत्र मी लिहिलं आहे. फार लांबलचक नाही, एका ओळीत मावतं:

=जर(किंवा(डुलक्या>३, विश्रांती<७, दृष्टी="नापास"), "बंद", "चालू")

वाचायला सोपं आहे. सोपंच असावं लागतं, तसा कायदा आहे. डुलक्या तीनपेक्षा जास्त, किंवा विश्रांती सात तासांपेक्षा कमी, किंवा डोळ्यांची तपासणी नापास. यांतलं एक जरी खरं निघालं तरी चालक बंद, आणि एकही खरं नसेल तर चालू. 'किंवा'च्या जागी 'आणि' घातलं असतं तर तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या व्हाव्या लागल्या असत्या. म्हणजे पेंगणारा माणूस डोळे चांगले आहेत म्हणून बस घेऊन घाटात गेला असता. हे मी निरनिराळ्या आगारांत पंचवीस वेळा फळ्यावर लिहून शिकवलं. समोरचे लोक माना डोलवायचे आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे बघायचे. मला त्यांचा राग यायचा. मला बऱ्याच जणांचा राग येतो, हे आधीच सांगून ठेवते.

मी तेजस्विनी मुळीक, घाटमाथा सहकारी वाहतूक संघाची सूत्रलेखक. दहा वर्षांपूर्वी ही नोकरीच अस्तित्वात नव्हती. तेव्हा सगळीकडे बंद पेटीतली यंत्रं माणसांचे निर्णय घ्यायची. अर्ज का नाकारला, बदली का झाली, कुणी सांगू शकत नसे, यंत्र बनवणाऱ्यालाही ते ठाऊक नसे. लोकांनी कचेऱ्या फोडल्या, आणि मग उघड निर्णय कायदा आला. ज्या निर्णयानं माणसाच्या पोटावर पाय येऊ शकतो, तो निर्णय स्प्रेडशीटच्या सूत्रात, मराठीत, दहावी झालेल्या माणसाला वाचता येईल असा लिहायचा आणि भिंतीवर लावायचा. यंत्रानं मोजायचं, ठरवायचं मात्र 'जर', 'आणि', 'किंवा', 'नाही' या चार शब्दांनी. मला हा कायदा अतिशय आवडला. माणसं खोटं बोलतात, वशिले लावतात, रडतात. सूत्र यातलं काही करत नाही.

डुलक्या मोजायची पट्टी त्यानंतर दोन वर्षांनी आली. सरकारी कागदांत तिला जागरूकता पट्टी म्हणतात. टोपीच्या आत बसते, कपाळाला चिकटते. तिच्यामागचं विज्ञान असं: माणूस जागा असताना मेंदूतल्या विजेच्या लहरी बारीक आणि घाईच्या असतात, झोप लागताना त्या रुंद आणि संथ होतात. पण मेंदू एका झटक्यात झोपत नाही. थकलेल्या मेंदूचा एखादा तुकडा दोन-तीन सेकंद झोपून घेतो आणि बाकीचा जागा राहतो. डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात, आणि त्या तीन सेकंदांत माणूस काहीही बघत नसतो. ताशी चाळीसच्या वेगानं बस तेवढ्यात तेहतीस मीटर जाते. शुद्धीवर आल्यावर त्याला वाटतं, आपण सलग जागेच होतो. म्हणून चालकाला विचारण्यात काही अर्थ नसतो. पट्टी त्या संथ लहरी पकडते आणि फेरी संपली की एक आकडा दाखवते.

हा आकडा कुणी बघायचा, यावरून युनियननं दोन महिने संप केला होता. मेंदूची नोंद कुठं साठवायची नाही, यावर ते अडून बसले, आणि खरं तर बरोबर होते. शेवटी ठरलं ते असं: फेरी संपली की आगाराच्या वाहतूक नियंत्रकानं पट्टीवरचा आकडा बघायचा, स्वतःच्या हातानं शीटमध्ये भरायचा, पट्टी पुसून टाकायची. आकडा चालकाला सांगायचा नाही, नाहीतर रोज खिडकीवर मारामाऱ्या. मुख्य कचेरीतही आकडा दिसायचा नाही, फक्त शेवटचा रकाना दिसायचा, बंद किंवा चालू. सलग तीन फेऱ्या बंद आल्या की चालकाला घरी बसवणारं पत्र आपोआप निघायचं.

पहिल्या पंधरवड्यात सहा आगारांतून मिळून चौदा पत्रं निघाली. त्यांतली अकरा एकट्या करंजखिंड आगाराची होती. आमच्या संचालक सबनीस मॅडमना कोण आनंद झाला! सर्वांत अवघड घाट, तिथंच सर्वांत जास्त झोपाळू चालक पकडले गेले, म्हणजे पट्टीचे पैसे वसूल. त्यांनी सभा घेतली आणि मला शाल आणि नारळ दिला. अकरा नावांची यादी मी सभेतच पाहिली. सातवं नाव होतं जोतीराम मुळीक. माझे वडील.

मी नारळ खाली ठेवला आणि टाळ्या संपेपर्यंत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या माझ्या कचेरीत आले. खाकी गणवेश इस्त्रीचा, टोपी हातात, पत्र टोपीत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी करंजखिंडीचा घाट चढवला-उतरवला, गाडीला ओरखडा नाही. माझ्या खोलीत ते कधी आले नव्हते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"हे तू लिवलंस?" त्यांनी विचारलं.

"सूत्र मी लिहिलंय, तात्या. पत्र आपोआप निघतं."

"यात म्हणत्यात, डुलक्या मर्यादेपेक्षा जास्त. मी गाडी चालवताना डुलक्या घेतो?"

"माणसाला स्वतःची डुलकी कळत नाही. तीन सेकंदांची असते. डोळे उघडे असतात."

"मला न्हाई लागत डुलकी."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळ्यांचं सोड. मी तुला सांगतोय." त्यांनी टोपी टेबलावर ठेवली. "घाटात एकशे बारा वळणं हायेत. मधलं एखादं मला न्हाई दिसलं, तर मला डुलकी लागली म्हण. इचार. पयलं उंबराचं. दुसरं डावीकडं, मोरीचं. तिसऱ्याला उन्हात पत्र्याची चमक येती डोळ्यांवर. चौथं..."

ते एकेक वळण सांगत गेले आणि मी घड्याळाकडे बघितलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. माझे वडील माझ्यासमोर आपली अठ्ठावीस वर्षं उलगडून ठेवत होते आणि मला तीन वाजताची मीटिंग गाठायची होती. एकोणिसाव्या वळणावर मी त्यांना थांबवलं.

"तात्या, वळणं पाठ असणं वेगळं आणि जागं असणं वेगळं. पट्टीनं तीन फेऱ्यांत तीनदा पकडलंय. मी आता तुमच्यासाठी अट बदलली तर उद्या प्रत्येक चालकाची मुलगी इथं येईल. सूत्राला वडील नसतात."

हे शेवटचं वाक्य मी वर्गात नेहमी वापरत असे. तिथं लोक हसायचे. तात्या हसले नाहीत. त्यांनी टोपी उचलली.

"म्हंजी तू म्हणतीस, मी झोपतो."

"हो," मी म्हटलं. "झोपता तुम्ही."

ते गेले. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर तेव्हा नाही वाटलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं. घरचा माणूस असूनही मी डगमगले नाही, हे मी त्या संध्याकाळी दोघा-तिघांना सांगितलंही.

त्यानंतर तात्या माझ्याशी बोलेनासे झाले. फोन आईचा यायचा, तोही भांडायला. गावात कुजबुज सुरू झाली होती. एवढी वर्षं आपण ज्याच्या भरवशावर घाटात डोळे मिटून बसायचो, तोच पुढं झोपलेला असायचा म्हणे. शेजारच्या शांतामावशी तोंडावर म्हणाल्या, देवानंच राखलं बाई आम्हाला. तात्यांनी देवळात जाणं सोडलं, पारावर बसणं सोडलं.

दोन महिन्यांनी आईनं सांगितलं, "ते झोपत न्हाईत गं. खुर्चीत ताठ बसून राहत्यात. म्हणत्यात, मला बघायचंय डोळा कवा लागतो ते. मला समोर बसवत्यात, डोळं मिटलं तर सांग म्हणत्यात. मी किती बसू?"

"बघ आई," मी म्हणाले. "म्हणजे झोपेचा विकार आहेच. पट्टीनं तेच सांगितलं. डॉक्टरकडं घेऊन जा."

"तुझ्या पट्टीला आग लाव," आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मी मात्र शांत होते, कारण माझ्या मते सगळं जुळत होतं. बरोबर असण्याची सवय लागली की समोर येणारी प्रत्येक गोष्ट पुरावाच वाटते. मला ती सवय लहानपणापासून होती, आणि ती तात्यांनीच कौतुकानं लावली होती. पोरगी हिशेबात चुकत नाही, म्हणून ते गावभर सांगायचे.

पाचव्या महिन्यात, सकाळी साडेदहा वाजता, करंजखिंडीच्या घाटात संघाची बस कठड्यावर आदळली. कठडा टिकला म्हणून गाडी दरीत गेली नाही. चौदा जण जखमी झाले. बाजाराला निघालेल्या एका बाईचा उजवा हात खिडकी आणि दगडात सापडला, तो कोपरापासून काढावा लागला. चालक म्हणाला, मी जागाच होतो. तो खोटं बोलत नव्हता; त्याला तसंच वाटत होतं.

हा चालक शीटमध्ये 'चालू' होता. चौकशीसाठी त्या आगाराची शीट आकड्यांसकट उघडायची परवानगी मिळाली, आणि मी स्वतः करंजखिंडीला गेले. सूत्र बरोबर चाललं होतं हे सिद्ध करायला मी गेले होते. दुसरं काही मनात नव्हतं.

आगाराचे वाहतूक नियंत्रक दिनानाथ कुंभोजकर. साठीला आलेला, किरकोळ अंगाचा, खिशाला दोन पेनं लावणारा माणूस. आधी तीस वर्षं जिल्ह्याच्या एका कचेरीत अभिलेख सांभाळत होते. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसून त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. त्यांनी शीट उघडली. डुलक्यांच्या रकान्यात अपघातवाल्या चालकाचे आकडे दिसले: २, ३, ३, २, ३. एकदाही तीनच्या वर नाही, म्हणून चालू. अकरा माणसं घरी बसल्यामुळं त्याच्यावर दुप्पट फेऱ्या पडत होत्या, तेही नियमात बसवून. मी वर सरकत गेले, पाच महिने मागं, पहिल्या आठवड्यापर्यंत.

मुळीक जो. रा. यांच्यासमोर आकडा नव्हता. तिथं सुबकपणे टाईप केलं होतं: निरंक.

दुसऱ्या फेरीला निरंक. तिसऱ्या फेरीलाही निरंक. आणि शेवटच्या रकान्यात बंद, बंद, बंद.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"निरंक," कुंभोजकर म्हणाले. "म्हणजे काही नाही. एकही डुलकी नाही."

"मग शून्य लिहायचं ना!"

"शून्य कधी लिहायचं नाही, मॅडम." ते मला समजावू लागले, जणू मी नवी उमेदवार होते. "आमच्या साहेबांनी पहिल्या दिवशी शिकवलं. शून्याच्या आधी कुणी एक ओढला की दहा होतात. त्यापायी एक कारकून निलंबित झालेला मी डोळ्यांनी बघितला. जिथं काही नाही तिथं अक्षरी लिहायचं, निरंक. तीस वर्षांत माझ्या एका कागदावर कुणाला खाडाखोड करता आली नाही."

मी खुर्चीत बसले. इथं थोडं समजावून सांगावं लागेल, कारण सगळं यातच आहे. स्प्रेडशीटला 'डुलक्या तीनपेक्षा जास्त आहेत का' असं विचारलं आणि त्या सेलमध्ये, म्हणजे चौकटीत, आकड्याऐवजी शब्द सापडला, तर ती 'मला कळलं नाही' असं म्हणत नाही. तिला प्रत्येक तुलनेचं उत्तर खरं किंवा खोटं असंच द्यावं लागतं. त्यासाठी तिच्या पोटात एक क्रम फार पूर्वीच ठरवलेला आहे, तो नावांच्या याद्या लावताना उपयोगी पडतो म्हणून: आधी सगळे आकडे, त्यांच्यावर सगळे शब्द. त्यामुळं कोणताही शब्द कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा. तीनपेक्षा मोठा, लाखापेक्षा मोठा. निरंक>३ असं विचारलं की उत्तर येतं, खरे. 'किंवा'ला एक खरं पुरतं. चालक बंद.

शून्य डुलक्या घेणारी माणसं माझ्या सूत्रानं सगळ्यांत जास्त झोपणारी ठरवली होती. अधूनमधून एखादी डुलकी घेणाऱ्याच्या समोर मधेच आकडा येई, त्यामुळं सलग तीन बंद होत नसत आणि तो वाचे. जे एकदाही पेंगले नाहीत तेवढे अकरा वेचून वेचून घरी पाठवले गेले. बाकीच्या आगारांत लोक शून्य लिहीत होते, म्हणून तिथं असं काही झालं नाही. सेलमध्ये आकड्याशिवाय काही घेऊ नये अशी अट घालायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. सूत्र तपासताना मी शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे घालून बघितले होते. कुणी शब्द लिहील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ज्यांच्यासाठी लिहिते त्यांच्या कामाच्या सवयी विचारायच्या, हेही आलं नाही.

मग मी कुंभोजकरांवर तुटून पडले. "तुम्हाला दिसत होतं! तुम्ही स्वतः एकही डुलकी नाही असं लिहिलंत, आणि डुलक्या जास्त म्हणून पत्र आलं. पाच महिने तोंड शिवून बसलात?"

त्यांचा चेहरा लाल झाला. "आकडा कुणाला सांगितला तर नोकरी जाईल, या कागदावर तुम्हीच माझी सही घेतलीत. मला वाटलं, यंत्राला आतून आणखी काही दिसत असेल. तुमचं ते सूत्र, आम्ही अडाणी, आम्ही काय बोलणार? आणि मॅडम, एक विचारू? मी परका माणूस. तुम्ही तर त्यांची मुलगी ना? तुम्हाला तरी खरं वाटायला हवं होतं."

मला त्यांच्या खिशातली ती दोन पेनं मोडून टाकावीशी वाटली. त्यांचं बरोबर होतं म्हणून.

सबनीस मॅडमचा सल्ला साधा होता. सूत्र गुपचूप दुरुस्त कर, अकरा जणांना 'पुनर्विलोकनानंतर' असं पत्र धाड, चूक हा शब्द कुठं येता कामा नये. हात गमावलेल्या बाईचे वकील टपलेलेच होते. मी म्हणाले, चूक हा शब्द येणार, आणि खाली माझी सही असणार. आमचं कडाक्याचं भांडण झालं. अखेर त्या म्हणाल्या, "लिही मग काय लिहायचं ते. पण नियम तूच केलेत. बंद झालेला चालक चाचणी फेरी पास झाल्याशिवाय परत चालू होत नाही. आणि चाचणीत बंद आला की कायमचा बंद. ते तरी पाळशील ना?"

पाळणार होते. तात्यांना चाचणी म्हणजे हातचा मळ, असं मी समजून चालले होते.

सूत्र दुरुस्त झालं: =जर(आणि(संख्याआहे(डुलक्या), डुलक्या<=३, विश्रांती>=७, नाही(दृष्टी="नापास")), "चालू", "बंद"). आता सेलमध्ये आकडाच आहे ना हे सूत्र आधी बघतं, आणि आकड्याशिवाय काही लिहू गेलं तर सेल ते घेतच नाही. दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन मी गावी गेले.

दुपारची वेळ होती. आईनं दार उघडलं आणि पाणीसुद्धा विचारलं नाही. तात्या खुर्चीत ताठ बसले होते. पाच महिन्यांत गालफडं बसली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. निरंक, शब्द, आकडा, माझी चूक. तुमची एकही डुलकी नव्हती, तात्या.

आई भडकली. "आता सांगाय आलीस? माणूस वाळून गेला तवा?"

तात्यांनी हात वर करून तिला थांबवलं. पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं ते ओरडतील. मला ते हवंही होतं.

"चाचणीला कवा यायचं?" एवढंच त्यांनी विचारलं.

अकरापैकी आठ जण पास झाले. दोघांनी यायलाच नकार दिला. तुमची पट्टी आणि तुमचं सूत्र तुम्हालाच लखलाभ म्हणाले. राहिले तात्या.

त्यांची फेरी मंगळवारी सकाळी नऊला होती. रिकामी बस, शेजारी दुसरा ब्रेक पायाखाली घेऊन बसलेले चाचणी अधिकारी, मागच्या सीटवर मी. तात्यांनी गणवेश घातला होता, तो खांद्यावर लोंबत होता. पट्टी लावून घेतली, आरसा नीट केला, गाडी काढली. पहिली वीस वळणं मी त्यांचे हात बघत राहिले. ते अजून तसेच होते, शांत आणि अचूक. मला रडू येत होतं आणि स्वतःचा संताप येत होता.

बत्तिसाव्या की तेहतिसाव्या वळणाच्या आधी बस हळूच पांढऱ्या पट्ट्याकडे सरकली. फार नाही, हातभर. अधिकाऱ्यांनी ब्रेकला पाय लावला, तोवर गाडी सरळ झाली होती. आरशात तात्यांचे डोळे उघडे होते. त्यांना काही कळलं नव्हतं.

झोप ही पाळत सोसणारी गोष्ट नाही. तिच्यावर नजर ठेवली की ती निघून जाते, आणि मग हवी तेव्हा न येता नको तेव्हा येते. पाच महिने माझ्या वडिलांनी स्वतःवर पहारा दिला होता. त्यांना फक्त एवढंच शोधायचं होतं, की आपण कधी झोपतो. पट्टी पकडते त्या तीन-तीन सेकंदांत आता त्यांचा मेंदू उसनवारी फेडत होता.

माथ्यावर पोहोचेपर्यंत बस आणखी दोनदा सरकली. परत उतरून आगारात आलो. अधिकारी खाली उतरले. कुंभोजकरांनी पट्टी खिडकीजवळ नेली, आकडा पाहिला आणि तिचा काच असलेला भाग माझ्याकडे वळवला.

सात.

"मॅडम," ते अगदी हळू म्हणाले, "शून्य लिहू? पट्टी पुसली की कोण बघतंय? आपल्यामुळंच झालंय हे त्यांना."

तीस वर्षांत ज्या माणसानं शून्य लिहिलं नव्हतं, तो आज लिहायला तयार होता. मी त्याक्षणी 'हो' म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. तात्या उद्यापासून गणवेश घालून निघाले असते, गावातल्या लोकांची तोंडं बंद झाली असती, आई मला पाणी विचारती झाली असती. आणि बसमध्ये मागं चाळीस माणसं बसली असती, खिडकीवर हात टेकवून.

मी त्यांच्या हातातून कीबोर्ड घेतला आणि ७ लिहिला. शेवटच्या रकान्यात बंद आलं. सूत्र या वेळी अगदी बरोबर होतं.

तात्या बसमध्येच, स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मी पायरी चढून वर गेले.

"किती?" त्यांनी विचारलं.

आकडा चालकाला सांगायचा नाही, असा नियम आहे. मी सांगितला. "सात."

त्यांनी मान हलवली. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तात्या, तेव्हा एकही नव्हती. तुम्ही खरं सांगत होता. मी ऐकलं नाही."

"मला ठावं हुतं की," ते म्हणाले. "अठ्ठावीस वरसं मला ठावं हुतं, मी झोपत न्हाई म्हणून. कुणी दुसऱ्यानं सांगितलं असतं तर त्याला हाकलून दिला असता." ते समोरच्या काचेतून बघत होते, माझ्याकडे नाही. "पण तू म्हणालीस, झोपता तुम्ही. मला वाटलं, पोरगी शिकलेली हाय, चुकायची न्हाई. मी तुझं ऐकलं, तेजू."